ज्यांची मुले, त्यांनाही विचारा

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ आणि १६७० सालच्या शिवरायांच्या स्वाऱ्या आठवतात. त्यानंतरही मराठी माणूस सुरतेला जातच राहिला. पण लुटायला नव्हे, राबायला. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसे ताप्ती लाईनच्या गाडीने आली आणि लूम्सवर, साड्यांच्या मिलमध्ये कामाला लागली. माझे वडील त्यांतलेच. लिंबायतला आम्ही घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती बोलत वाढलो. येथे एम. ए. ला आल्यापासून कन्नडही कानी पडू लागली आहे.

सुरतेची एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. तेथील महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया आणि तेलुगू माध्यमांतूनही चालतात. बाहेरून आलेल्या कामगाराच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकवण्याची तजवीज या व्यापारी शहराने केली. मग हीच मुले कॉलेजात गेल्यावर कोठे हरवतात?

माझ्याबरोबर बी. ए. ला एक हुशार मुलगा होता. त्याचा जातीचा दाखला धुळे जिल्ह्यातला. दुसऱ्या राज्यात गेलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मूळ राज्यातील सवलती नव्या राज्यात मागता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरवले आहे. हे त्याला कळले ते प्रवेश घेऊन झाल्यावर, स्कॉलरशिपच्या खिडकीवर. सूचना फलकावर गुजरातीत लागत. विचारावे कोणाला, हेही आम्हांला ठाऊक नव्हते. दुसऱ्या सत्रात तो लूमवर गेला. त्याला कोणी हाकलले नाही, इतकेच.

आमच्या गल्लीत मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहत. दर जूनमध्ये ओट्यावर बसून ते पोरांचे फॉर्म भरून देत. कोणता कागद चालतो, कोणाच्या घरी रात्रपाळी आहे, कोणाची मुलगी लग्नासाठी शिक्षण सोडणार आहे, सगळे त्यांना माहीत. एकदा म्हणाले, “अगं, कॉलेजवाल्यांनी मला भाषणाला नाही बोलावलं तरी चालेल. चहाला बोलावून दोन गोष्टी विचारल्या तरी पुष्कळ झालं.”

मला वाटते, गुरुजींचे म्हणणे अगदी साधे आणि खरे आहे. प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक भाषेतून असा एक जाणता माणूस कॉलेजने सल्लागार म्हणून घ्यावा. प्रवेशाआधी आणि परीक्षेआधी प्राचार्यांनी त्यांच्याबरोबर बसावे. ही कल्पना काही परदेशातून आणायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करवली. आणि त्यांच्या कारभारात त्या त्या समाजातील माणसांना सामील करून घेतले. त्यामुळे शिक्षण ही परक्यांची वस्तू राहिली नाही.

यावर आक्षेप येईल की, समाजाची माणसे आली म्हणजे जातीचे राजकारणही येईल. मुलींवर नवी बंधनेही येतील. ही भीती मला मुलगी म्हणून अधिकच वाटते. म्हणून सल्लागारांत निम्म्या बायका असाव्यात, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावेत, आणि निर्णय मात्र कॉलेजचाच राहावा. शिवाय शाहूकाळी वसतिगृहे वेगवेगळी होती. आज आपण सारे एकाच वर्गात बसतो. सल्ला निरनिराळ्या वस्त्यांचा असला तरी बाक सर्वांचा एकच हवा.

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी नांदतात. मग प्रवेशाच्या दिवसांत दोन्ही भाषांतील चार जाणती माणसे ऑफिसबाहेर एका टेबलाशी बसवणे आपल्याला जड का जावे? येत्या जूनपासूनच ही सुरुवात व्हावी, एवढी माझी प्राचार्यांना आणि विद्यार्थी मंडळाला विनंती आहे.