पळण्याची वर्गणी

कारणावाचून पळणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे थोडे संशयानेच पाहिले जाते. लोकल सुटत असेल, मागे कुत्रे लागले असेल, पावसाची सर आली असेल, तर पळावे. एरवी चालत गेलेले काय वाईट? वयाच्या 58 व्या वर्षी मी अर्धी चड्डी आणि भडक रंगाचे बूट घालून पहाटे घराबाहेर पडू लागलो, तेव्हा आमच्या इमारतीच्या रखवालदाराने पहिले दोन दिवस "साहेब, घरी सगळं ठीक ना?" असे विचारले. तिसऱ्या दिवसापासून त्याने विचारणे सोडले. पण फाटक उघडताना त्याच्या चेहऱ्यावर जी करुणा असते, ती अजून गेलेली नाही.

कारण आहे. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असते. त्यातली अर्धी, म्हणजे 21 किलोमीटरांची, मी पळणार आहे आणि त्या निमित्ताने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ओळखीच्या माणसांकडून पैसे जमवणार आहे. ही युक्ती माझी नव्हे. 1988 साली न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये 38 जण असेच पळाले आणि त्यांनी 3 लाख 22 हजार डॉलर जमवले. यात तर्कशास्त्र शोधू गेलात तर हाती काही लागायचे नाही. मी पळाल्याने कुणाच्या रक्तातली एक पेशीही सुधारत नाही. पैसे काय, घरबसल्या देता येतात. पण घरबसल्या मागता येत नाहीत, ही खरी गोम आहे. गणपतीची वर्गणी मागणाऱ्याच्या मागे निदान गणपती उभा असतो. माझ्या मागे कोण उभे आहे हे सांगितल्यावाचून मला कोण पैसे देणार? आणि नेमके तेच सांगण्याची आमच्या घरात रीत नव्हती.

1987 साली माझ्या थोरल्या बहिणीला हा आजार झाला. 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' हे त्याचे नाव मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाचले. घरात मात्र 'ताईचे रक्त बिघडले आहे' एवढेच बोलायचे, असे न ठरवता ठरले. आईने कर्करोग हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. शेजारणींनी विचारले की ती 'अशक्तपणा' म्हणे. इकडे डाव्या बरगडीखाली ताईची पाणथरी वाढत होती. साडी नेसताना ती तिच्या हाताला लागे. गोळ्यांनी पांढऱ्या पेशी खाली येत, पुन्हा वर जात. अस्थिमज्जा बदलण्याचा एक उपाय होता. टाटा रुग्णालयात 1983 साली तो सुरू झाला होता. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याचा संभव चारांत एक असतो, आणि आम्ही भावंडे दोनच. माझे रक्त तपासले, जुळले नाही. तो कागद खिशात घालून मी परळहून दादरपर्यंत चालत आलो. ताईने तो वाचला, घडी करून उशीखाली ठेवला आणि म्हणाली, "आपलं दोघांचं कधी जुळलंय का रे?" आणि हसली. 1991 साली, दिवाळीच्या आधी, ती गेली. मग तिच्या रक्ताचा विषयही संपला.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. अर्ध्या मॅरेथॉनच्या अशा 18 फेऱ्या होतात, म्हणजे गीतेच्या अध्यायांइतक्या. माझ्या बाबतीत विश्वरूपदर्शनही अकरावीतच घडते. जुलैत मी दोन फेऱ्यांनी आरंभ केला. दर आठवड्याला दहाव्या हिश्शाहून अधिक वाढवायचे नाही, असा दंडक आहे. बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा असाही आहे. तो पाळूनही अंगठ्याचे नख काळे पडलेच. पण सर्वांत मोठा नियम असा, की पळता पळता बोलता आले पाहिजे. बोलता येईनासे झाले की वेग कमी करावा. दादरच्या माणसाला याहून सोयीचा नियम कोण देणार?

हा नियम मला एका तरुणाने शिकवला. बँकेत आहे, वय तिशीचे. एका पहाटे पाचव्या फेरीत मी त्याला माझ्या पळण्याचे कारण सांगितले, तर तो सहज म्हणाला, "काका, मला तेच आहे. सहा वर्षं झाली. रोज जेवणाबरोबर गोळी घेतो." मी जागच्या जागी थांबलो. "थांबू नका, पाय आखडतील," असे म्हणून तो पुढे गेला आणि फेरी पुरी करून मागून मला पुन्हा गाठता झाला.

घरी येऊन मी वाचत बसलो. ताईच्या आजाराची खूण 1960 सालीच सापडली होती. फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड या दोघांना रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसले. ते आखूड का, हे 1973 साली जॅनेट राउली या बाईंनी दाखवले: नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेले होते. त्या अदलाबदलीतून उपजणाऱ्या प्रथिनाला अडवणारी गोळी, इमॅटिनिब, अमेरिकेत मंजूर झाली 2001 साली. पुढे 2013 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचे एक पेटंट नाकारले आणि इथली स्वस्त गोळी इथे बनत राहिली. या गोळीने भागत नाही असे रक्ताचे कर्करोग पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींवर रुग्णाच्याच लढाऊ पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रू ओळखायला शिकवून परत सोडण्याचा उपचार पवईच्या आयआयटीने आणि टाटा रुग्णालयाने मिळून उभा केला. 2023 साली त्याला परवानगी मिळाली. परदेशाच्या मानाने तो पुष्कळ स्वस्त, तरी लाखांच्या घरातला.

1960 ते 2001, ही 41 वर्षे मी हल्ली पळताना मोजत असतो. ती 30 झाली असती तर, एवढाच माझा हिशोब.

तेव्हापासून वर्गणी मागणे सोपे झाले असे नाही. पहिल्या घरी 'रक्ताचा कर्करोग' हे शब्द तोंडातून निघेनात. तीसहून अधिक वर्षे ते वापरलेच नव्हते. एका मित्राने मी पळू नये म्हणून दुप्पट देऊ केले. तीन घरांत पैसे मागायला गेलो आणि तासभर ऐकत बसलो: कुणाचा भाचा, कुणाची सून, एका गृहस्थांची स्वतःचीच फाइल. सगळ्यांच्या घरी असाच कुठलासा 'अशक्तपणा' होता.

गेल्या रविवारी गिरगावात मावशीकडे गेलो. वय 86. चकलीचे पीठ मळत होती. मी सगळे सांगितले, आजाराच्या नावासकट. ती मळतच राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. तुझी आई अशक्तपणा म्हणायची, मीही मान डोलवायची. त्या पोरीला मात्र कुणी नीट विचारलं नाही, की बाई, तुला काय वाटतं?" हात धुऊन ती आत गेली आणि डब्यातून 501 रुपये काढून आणले. मोजून हातावर ठेवताना विचारते कशी, "आणि मध्येच दमलास तर?"

"तर चालायचं, मावशी."

"मग चालतच जा की. मी काही पैसे परत मागणार नाही."