८३ वर्षं वाट बघणारा जिल्हा

परवा आमच्या जिल्हा कबड्डी संघाची निवड चाचणी होती. मैदानावर प्रदर्शनाचा मांडव, त्यामुळे चाचणी एका शाळेच्या आवारात उरकली. पोरं स्वतःच्या पैशाने एसटीने आलेली. एक जण तर रात्रपाळी करून थेट तिथेच पोहोचला होता. मी बातमी दिली. दुसऱ्या दिवशी चार ओळी छापून आल्या, त्यात एक नाव चुकलेलं. चूक माझीच, घाईत लिहून घेतलं होतं. त्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. "साहेब, पोराचं नाव पहिल्यांदा पेपरात आलं, तेही दुसऱ्याच कुणाचं." ते चिडले नव्हते. म्हणून जास्त लागलं.

त्या रात्री झोप येईना. मोबाइलवर काहीबाही बघत होतो, तर १९९१ सालची रग्बीची एक जुनी मॅच समोर आली. लंडनचं ट्विकेनहॅम स्टेडियम, काउंटी स्पर्धेची फायनल, कॉर्नवॉल विरुद्ध यॉर्कशायर. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. दोन जिल्ह्यांच्या हौशी संघांची मॅच आणि बघायला पन्नास हजारांहून जास्त माणसं! बहुतेक सगळी काळ्या-सोनेरी रंगात, म्हणजे कॉर्नवॉलची. मग वाचत बसलो. जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

कॉर्नवॉल हे इंग्लंडचं नैऋत्येचं टोक. समुद्र, मासेमारी, तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी. खाणी बसल्या तशी माणसं जगभर पांगली. आपल्या शेजारच्या कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरलेल्यांतही हे लोक होते. मागे राहिले त्यांनी रग्बी धरली.

१९०८ मध्ये हा संघ पहिल्यांदा काउंटी विजेता झाला. त्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक होतं. विजेता म्हणून ग्रेट ब्रिटनच्या नावाने यांनाच उतरवलं. रग्बीत संघ दोनच. ऑस्ट्रेलियाने ३२-३ असं धुतलं. पण रौप्यपदक मिळालं. एका जिल्ह्याच्या संघाला ऑलिंपिकचं पदक, विचार करा!

त्या संघात रेडरुथ गावचा बर्ट सॉलोमन होता. १९१० मध्ये तो इंग्लंडकडून वेल्सविरुद्ध एक मॅच खेळला, त्यात गुण मिळवले, इंग्लंड जिंकलं. पुढे बोलावलं तर गेलाच नाही. एका मॅचचा हा माणूस, पण त्याचं नाव तिकडे अजून निघतं.

खेळण्याचे पैसे कुणालाच मिळत नव्हते. रग्बी युनियनमध्ये पैसे घ्यायला १९९५ पर्यंत बंदीच होती. याच मुद्द्यावर १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब फुटून निघाले. त्यांची मागणी काय, तर मॅचसाठी कामगाराची मजुरी बुडते, तिची भरपाई द्या. त्यातूनच रग्बी लीग हा वेगळा खेळ झाला. रात्रपाळी करून चाचणीला आलेला आमचा पोरगा आठवला. सव्वाशे वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे.

१९०८ नंतर कॉर्नवॉलला काउंटीचं विजेतेपद मिळेना. दोन महायुद्धं झाली, खाणी एकेक करून मिटत गेल्या. १९८९ मध्ये फायनल गाठली, डरहॅमने हरवलं. १९९१ च्या फायनलमध्येही आधी मागेच पडले होते. मग बरोबरी केली, जादा वेळ खेळले आणि २९-२० ने जिंकले. ८३ वर्षांनी! चारशेहून जास्त किलोमीटर प्रवास करून आलेली माणसं मैदानात रडत होती.

संघामुळे कॉर्नवॉलची गरिबी हटली असं काही नाही. १९९८ मध्ये तिथली शेवटची कथिलाची खाणही बंद पडली. पुढच्याच वर्षी संघ पुन्हा विजेता झाला. गेलेला रोजगार त्याने परत आला नाही. पण हा संघ आपला आहे, एवढं माणसांना ठाऊक होतं.

हे ठाऊक असायला कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. १९०८ च्या त्या पंधरा जणांची नावं आजही मिळतात. आणि मी? वीस वर्षं या जिल्ह्यात पत्रकारिता करतोय. दहा वर्षांपूर्वीच्या जिल्हा संघातली सात नावं विचारा, मला सांगता येणार नाहीत. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फोटो मात्र तारखेसकट सापडतील. मैदानावर मांडव पडतो तेव्हा कुणी बोलत नाही, त्याचं एक कारण हेही आहे. तिथे कोण खेळून गेलं हेच कुणाला माहीत नाही. यात माझाही वाटा आहे.

त्या मुलाची दुरुस्ती उद्याच्या अंकात येतेय. त्याच्या वडिलांना सांगितलंय.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुम्ही, तुमचे वडील, काका, आत्या, कुणीही जिल्ह्याकडून कबड्डी किंवा खो-खो खेळलं असेल, तर खाली नाव, गाव आणि साल लिहा. जुना फोटो, प्रमाणपत्र असेल तर टाका. मी वहीत उतरवून घेतोय. या वेळी स्पेलिंग विचारून.