वाळूतला आलू आणि काळीतला आलू

माळव्यात स्वतः शेती करणारी मराठी घरं आता किती उरली, असं मागे इथे कुणीतरी विचारलं होतं. त्यावरून हे लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी बडोद्याचा. शिक्षण बीकॉम, सगळा जन्म बँकेत गेला. शेतीशी संबंध आला तो दोन ठिकाणी. एक सासुरवाडी, महूच्या बाजूला, लोण्यासारखी काळी जमीन. दुसरं म्हणजे निवृत्तीच्या आधीची बदली, बनासकाठ्यात डीसा. दोन्हीकडे पीक एकच, आलू. (बटाटा म्हटलं की आमच्या सासुरवाडीला हसू येतं.)

डीसाला बनास नदीच्या आसपासची माती रेताड. पाणी दिलं की बघता बघता खाली. 2005 साली गुजरात सरकारची ठिबक-तुषारची योजना सुरू झाली, निम्मं अनुदान आणि उरलेल्याला बँकेचं कर्ज. त्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावर यायच्या. सही करायची तर शेत बघायलाच हवं, म्हणून मोटरसायकलवर मागे बसून पुष्कळ शेतं पाहिली. तिथले शेतकरी थोडं थोडं पण वारंवार पाणी द्यायचे. नळ्यांची भोकंही जवळ जवळ, कारण वाळूत पाणी आडवं पसरत नाही, सरळ गाजरासारखं खाली उतरतं.

इकडे सासुरवाडीत त्याच सुमारास वेगळीच चिंता. ट्यूबवेल जानेवारी लागला की खोकायची, आणि आलू पोसायचा तर तेव्हाच. इंदूरचे प्लॉटवाले दर महिन्याला चकरा मारत होते. भाचा म्हणाला, "आतोबा, एक तर ठिबक करू, नाही तर विकू." थोरले मेहुणे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, दोन्हीला तयार नव्हते. चार पिढ्यांची जमीन.

भाचा डीसाला येऊन चार दिवस राहिला, वहीत सगळं वेळापत्रक उतरवून घेऊन गेला. दादांनी वही वाचली आणि मला फोन केला. "भावोजी, तिथली वाळू पाणी सोडून देते, आमची काळी धरून बसते. असं रोज पाजलं तर आलू जमिनीतच सडेल."

दोघांचं ऐकून मी कागदावर हिशोब मांडला, सवयच ती. आलूची मुळं उथळ, कामाची मुळं दीड-दोन फुटांतली. तेवढ्या थरात रेताड मातीत पिकाला मिळेल असं पाणी साधारण 35 मिलिमीटर मावतं, काळीत 80 च्या आसपास. आलू तहान सोसत नाही. त्यातलं तिसरा हिस्सा संपलं की पुन्हा भरायला हवं. म्हणजे वाळूत 12, काळीत 27. हिवाळ्यात रोज 4 मिलिमीटर खर्च धरा. वाळूत दर तीन दिवसांनी भरणा, काळीत सहा-सात दिवसांनी. खातं तेच, फक्त शिल्लक ठेवायची मर्यादा वेगळी.

एका एकरात एक मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर. काळीला एका वेळी लागतं लाख-सव्वा लाख लिटर. सऱ्या तुडुंब भरल्या की त्याच्या दुप्पट सहज जातं. जास्तीचं पाणी मुळांच्या खाली तरी जातं, नाही तर वरंब्यात कोंडतं आणि कंद कुजतो.

शेवटी तोड निघाली. अर्ध्या शेतात ठिबक, पण भोकं लांब लांब आणि पाळी मातीकडे बघून. अर्ध्यात सरीच, पण एक सोडून एक सरी, पुढच्या पाळीला उरलेल्या. वरंब्याचा माथा बुडवायचा नाही. दादा वरंब्यात हात घालून माती काढायचे, मुठीत दाबायचे, वाफसा आहे का बघायचे. भाच्याने त्यांच्या मुठीवरून पाळी ठरवायला सुरुवात केली. लावणीनंतर महिन्याभराने कंद धरतो, तेव्हा ताण द्यायचा नाही. आणि काढणीच्या दहा-बारा दिवस आधी पाणी तोडायचं, म्हणजे साल पक्की होते आणि माल टिकतो.

त्या वर्षी ट्यूबवेल काढणीपर्यंत पुरली. भाचा खूश. लगेच म्हणाला, वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर गहू करू. तेव्हा दादा जे बोलले ते मी विसरलेलो नाही: "वाचलं म्हणतोस आणि गव्हाला पाजतोस, मग वाचलं कुठे?" बापलेक दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी गव्हाऐवजी हरभरा पेरला, एक-दोन पाण्यांवर भागणारा.

मंडळी, मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. नळीने पाणी आपोआप वाचत नाही. वाचलेल्या पाण्याचं काय करायचं हे घरात बसून ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना भांडणंही होतात.

दादा आता नाहीत. जमीन आहे, भाचा करतो. आजूबाजूला बंगले उठले, त्यांच्याही बोअर त्याच पाण्यात उतरल्यात, त्यामुळे पुढचं काही सांगता येत नाही.

बेळगावकर मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे लाल मातीत पावसाळ्यातही आलू घेतात. पावसाने मध्येच दडी मारली की तुमच्या घरी काय करायचे, ते जरूर लिहा. जुन्या माणसांना विचारून लिहा, ती आहेत तोवर.