धडधड

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि गेली वीस वर्षे मला भाषण करण्याची भीती वाटते.

हसू नका! वर्गात मला काही होत नाही. वर्गातली मुले माझीच असतात. त्यांना माझे विनोद पाठ असतात आणि मला त्यांच्या सबबी. पण एकदा का मंडप उभा राहिला, टेबलावर हार-नारळ दिसले आणि कोणी 'आता प्रमुख वक्ते आपले विचार मांडतील' असे म्हणाले, की माझ्या छातीत पिठाची गिरणी सुरू होते. हात थरथरू लागतात, हातातला कागद फडफडतो, आणि ध्वनिक्षेपक ती फडफड शेवटच्या रांगेपर्यंत इमानाने पोचवतो. 'तुम्हाला बोलायला येत नाही असं नाही,' आमच्या सौभाग्यवती म्हणतात, 'तुम्हाला ऐकणारे सहन होत नाहीत.'

चार वर्षांपूर्वी हे गाऱ्हाणे मी आमच्या गावातल्या डॉक्टरमित्राच्या कानावर घातले. तो माझा शाळासोबती. त्याने नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, दमा नाही ना याची चौकशी केली आणि एका चिठ्ठीवर गोळीचे नाव लिहून दिले. प्रॉप्रॅनोलॉल. 'भाषणाच्या तासभर आधी घे. या एका व्याख्यानापुरती हं!'

त्या दिवशी चमत्कार झाला. मी उभा राहिलो आणि गिरणी बंद! हात स्थिर, आवाज स्थिर. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी मला 'ओघवते वक्ते' म्हटले. घरी येताना मी स्वतःवर इतका खूश होतो, की त्या टाळ्यांतल्या निम्म्या गोळीच्या होत्या हे माझ्या ध्यानातच आले नाही.

पुढे काय झाले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल. ती चिठ्ठी मी जपून ठेवली. स्नेहसंमेलन आले, काढली चिठ्ठी. ग्रंथालयाचे उद्घाटन आले, काढली चिठ्ठी. औषधांच्या दुकानातला मुलगा माझाच विद्यार्थी. 'सर, मागच्यासारखीच ना?' असे तो आदराने विचारी आणि मी तितक्याच प्रतिष्ठितपणे मान हलवी. चिठ्ठी घडीवर फाटली, तरी तिचा अधिकार काही फाटला नाही.

हे सारे कोणाला कळणार नाही अशी माझी समजूत होती. पण गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी पडद्यामागे गोळी तोंडात टाकली, तेव्हा खुर्च्या लावणाऱ्या एका मुलाने मला पाणी आणून दिले. 'डोकं दुखतंय का सर?' त्याने विचारले. 'नाही रे, जरा छातीत धडधडतं. भाषण आहे ना,' मी बोलून गेलो. खरे बोलण्याची सवय माणसाला कधी कुठे गाठेल, याचा नेम नाही!

तो मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. वर्गात मागच्या बाकावर बसे. आईवडील ऊसतोडीला जातात. दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन जोडीने निघायचे, फडावर कोपी घालायची, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत तोडत राहायचे. नवराबायको मिळून एक कोयता. हिशेबात माणसे दोन नाहीत, कोयता एक! या मुलाला पोलिसात भरती व्हायचे होते. खाकी कपडे अंगावर आले, की घरातली उचल संपणार होती. इतके साधे त्याचे गणित होते.

या गणितात एक कठीण पद होते, ते म्हणजे सोळाशे मीटर. भरतीच्या मैदानी चाचणीत हे अंतर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत काटले, तर पैकीच्या पैकी गुण. पुढे एकेक टप्पा उशीर झाला की गुण गळत जातात. महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे पाचपासून ही मुले पळताना दिसतात. पायांत फाटके बूट, मनगटावर स्वस्त घड्याळ. मी तिथेच फिरायला जातो. मी त्यांना पाहून न पाहिल्यासारखे करतो आणि ती मला पाहून 'नमस्कार सर' म्हणतात.

डिसेंबरातल्या एका पहाटे मी मैदानाच्या कुंपणाच्या भिंतीमागून चाललो होतो. पायाखाली काच कुरकुरली. वाकून पाहिले, तर औषधाची लहानशी बाटली. दोन पावलांवर तो बसला होता. बाही वर केलेली, हातात सुई.

'हे काय रे?'

त्याने दचकून हात मागे घेतला. मग माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, 'सर, दमच लागत नाही यानं. सगळेच घेतात.' मी रागावलो. प्राध्यापक रागावला की भाषण करतो. तसे मी केले. शरीर, साधना, आईवडिलांचे कष्ट, सगळे त्यात आले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. माझे संपल्यावर एवढेच म्हणाला, 'पण सर, तुमी बी घेता की.'

त्या भिंतीमागे ना मंडप होता, ना ध्वनिक्षेपक. तरीही माझ्या छातीत गिरणी सुरू झाली!

बाटली रुमालात गुंडाळून मी तडक डॉक्टरकडे गेलो. त्याने चष्मा वर करून नाव वाचले. मेफेंटरमिन. 'अरे, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावरचं औषध,' तो म्हणाला. 'भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब एकदम घसरतो, तेव्हा तो वर आणायला आम्ही देतो. शेजारी डॉक्टर उभा, यंत्रावर नाडी दिसतेय, अशा वेळी. भिंतीमागं बसून टोचायचं नव्हे.'

मग त्याने मला दोन्ही औषधांची कुळकथा सांगितली. भीती वाटली वा धावायची वेळ आली, की आपले शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचे भाऊबंद रक्तात सोडते. त्यांनी दार ठोठावले, की हृदय जोराने चालते. माझी गोळी ते दारच बंद करते. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ती शोधली, हृदयशूळाच्या रोग्यांसाठी. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मुलाची सुई नेमकी उलट काम करते. ती शरीराचीच साठवलेली रसद कोठारातून बाहेर ओढते. थकवा कळेनासा होतो, छाती फुगते, पाय हलके होतात. पण कोठार रिते होत जाते. मग तेवढ्याच दमासाठी जास्त औषध लागते. झोप उडते, रक्तदाब चढतो, हृदयाचा ठेका चुकतो. काहींना संशय आणि भास यांनी वेड लागायची पाळी येते.

'म्हणजे उचल!' मी म्हणालो.

'उचलच. आणि मुकादम इथं आपलंच हृदय.'

'पण माझी गोळीसुद्धा...'

'हृदयशूळावरची गोळी मी तुला सभाधीटपणासाठी दिली. डॉक्टर तपासून, तोलून असं करतात, त्यात पाप नाही. पण मी ती एका व्याख्यानापुरती दिली होती. लेका, तू त्या चिठ्ठीवर किती व्याख्यानं दिलीस?'

मी आकडा सांगितला नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

त्या रात्री मी वाचत बसलो. आपल्या अपराधाला सोबती शोधायची माणसाला हौस असते, आणि मला ते भरपूर भेटले. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या नेमबाजाने पिस्तुलाच्या स्पर्धांत एक रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले, आणि दोन्ही गमावले. त्याच्या शरीरात सापडले ते माझेच प्रॉप्रॅनोलॉल! नेमबाजाला हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या निवांत क्षणी चाप ओढायचा असतो; तो क्षण ही गोळी लांबवते. म्हणून नेमबाजी आणि तिरंदाजीत ती निषिद्ध आहे. त्याआधी १९६८ साली, मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये, स्वीडनच्या हान्स-गुन्नार लिल्येनवाल या खेळाडूने पिस्तूल धरायचा हात थरथरू नये म्हणून बिअर घेतली. उत्तेजक चाचणीत बाद झालेला ऑलिंपिकमधला तो पहिला खेळाडू. त्याच्या पायी साऱ्या संघाचे कांस्यपदक गेले. मला त्याची फार कणव आली. थरथरणारा हात काय असतो, हे मला ठाऊक आहे.

पण पुढचे पान वाचले आणि कणव, विनोद सारे गळून पडले. १३ जुलै १९६७. फ्रान्समधली प्रसिद्ध सायकल शर्यत, माँ व्हाँतू नावाचा उघडाबोडका डोंगर, रणरणते ऊन. टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा इंग्रज सायकलपटू चढावर कोसळला. लोकांनी उठवून पुन्हा सायकलवर बसवला. थोडे अंतर जाऊन तो पुन्हा कोसळला, तो उठलाच नाही. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामिन सापडले, मद्यही सापडले. अ‍ॅम्फेटामिन हे एके काळी डॉक्टर सर्रास लिहून देत ते औषध. आणि मेफेंटरमिन त्याच्याच कुळातले. थकवा हा शरीराच्या दारावरचा पहारेकरी. 'आता पुरे' एवढेच सांगणे त्याचे काम. ही औषधे त्या पहारेकऱ्याला झोपवतात, आणि मग घरात आग लागली तरी मालकाला कळत नाही.

आमच्या भागात तालमींची परंपरा मोठी. तिथे खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई. आता व्यायामशाळांच्या आसपास या सुयांचा खुराक फिरतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांनी या इंजेक्शनांचे साठे पकडले आहेत. ज्या औषधाचे साठे पोलीस पकडतात, तेच टोचून पोरे पोलीस व्हायला निघतात! असे कथानक एखाद्या विद्यार्थ्याने लिहून आणले असते, तर 'ओढूनताणून आणलेले' असा शेरा मारून मी वही परत केली असती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घरी बोलावले. सौभाग्यवतींनी पोहे केले. मी माझी चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली आणि सगळे सांगितले. कोणत्या भाषणाला घेतली, कोणत्या टाळ्या माझ्या नव्हत्या, सगळे. विद्यार्थ्यापुढे इतके उघडे मी कधी पडलो नव्हतो. शेवटी म्हणालो, 'जानेवारीत व्याख्यानमालेत माझं भाषण आहे. मी गोळी घेणार नाही. तू सुई घेऊ नकोस.'

त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. 'सर, तुमचं भाषण पडलं तर लोक हसतील. माझं मैदान पडलं तर आई फडावर जाईल.'

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. तरी जाताना तो दारात थांबून म्हणाला, 'बघतो सर.'

जानेवारीत मी उभा राहिलो. कागद फडफडला. एका वाक्यात तर क्रियापदच सापडेना. श्रोते कुजबुजले. तिसऱ्या रांगेत तो बसला होता. माझ्या हाताकडे तो एकटक पाहत होता. कसेबसे भाषण संपवले. टाळ्या पडल्या त्या बेताच्या, पण सगळ्या माझ्या होत्या.

आणि त्याने? त्याने सुई सोडली. पहिले काही दिवस अंग मोडून आले, मरगळ आली, वेळ वाढला. डॉक्टरने त्याला फुकट तपासले. शेवटी तो भरतीला पळाला आणि पाच मिनिटे एकवीस सेकंदांत आला. यादी लागली, तेव्हा दोन गुणांनी मागे राहिला होता. त्या मैदानावर कोण कशाच्या जोरावर पळाले, ते देव जाणे.

ते दोन गुण माझ्या खाती मांडलेले आहेत. 'त्याचे हृदय वाचले' असे डॉक्टर म्हणतो, सौभाग्यवती म्हणतात, आणि ते खरेच असेल. पण न थांबलेले हृदय कोणत्याही यादीत लागत नाही. हुकलेली नोकरी मात्र लागते. तो एका शब्दानेही मला बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

परवा पहाटे मी फिरायला गेलो, तर तो पुन्हा मैदानावर! आता तो दिवसा पेट्रोलपंपावर काम करतो. आईवडिलांनी यंदाची उचल घेतलेली आहे. दिवाळी झाली की निघतील. 'सर, जरा वेळ लावता?' असे म्हणून त्याने घड्याळ माझ्या हातात दिले. चार फेऱ्या. शेवटच्या फेरीला त्याचा चेहरा वाकडा झाला, पाय जड पडू लागले. पहारेकरी जागा होता आणि दारावर काठी आपटत होता. तो रेषेवर येऊन गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. त्याच्या छातीचा भाता मला दिसत होता.

'किती, सर?'

'पाच सोळा.'

'सहा सेकंद राहिले,' तो धापा टाकत म्हणाला, आणि हसला.

यंदाही व्याख्यानमालेचे निमंत्रण आले आहे. का बोलावले असेल, कोण जाणे! विषय अजून ठरलेला नाही. धडधड मात्र आतापासूनच सुरू झाली आहे.