मण्यांचे तोरण

आमच्या दारावर पूर्वी एक मण्यांचे तोरण असे. पांढऱ्या मण्यांच्या भूमीवर समोरासमोर बसलेले दोन हिरवे राघू, आणि मध्ये तांबड्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’. आईने ते आपल्या रुखवतासाठी ओवले होते. इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन मी घरी आलो, तेव्हा माझी अभिरुची इतकी सुसंस्कृत झाली होती, की ते राघू मला पाहवेनात! रंग देण्याच्या निमित्ताने मी तोरण उतरविले, ते पुन्हा चढले नाही. आई काहीच बोलली नाही. पुढे माळ्यावर दोरा कुजला आणि मणी केरात गेले.

नंतर प्राध्यापक या नात्याने मी सतराव्या शतकातील इंग्लंड शिकवू लागलो. मार्था एडलिन नावाच्या मुलीने १६६८ साली, वयाच्या आठव्या वर्षी, रंगीत रेशमाने टाक्यांचा नमुनापट भरला. १६७१ साली भरतकामाने मढविलेली पेटी केली. पुढे मण्यांची डबीही विणली. तिच्या वंशातील स्त्रियांनी हे सारे पिढ्यान् पिढ्या जपले, आणि आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. ही हकीगत मी वर्गात मोठ्या रसिकतेने सांगत असे. माळ्यावरच्या राघूंची आठवण मात्र मला एकदाही झाली नाही.

ती झाली जिवतीला. गेल्या हिवाळ्यात एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून गडचांदूरहून घाट चढून मी तेथे गेलो होतो. बाजारात एक वृद्ध बंजारा बाई बसली होती. तिच्या कांचळीवर आरसे, कवड्या आणि दाट टाके असे काही बसविले होते, की मी पाहातच राहिलो. धीर करून विचारले, “आजी, ही कांचळी विकाल का?”

तिने मला नखशिखान्त न्याहाळले. “अन् मी काय घालू, मास्तर? हे माह्या हातचं हाय.”

आजूबाजूची मंडळी हसली; मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर ते हसू टिकले नाही. माझ्या आईला असे उत्तर देण्याची संधीसुद्धा मी दिली नव्हती.

घरी येताच मी तिच्याजवळ बसलो. तिला आता फारसे दिसत नाही. “आई, ते राघू तू कसे ग ओवले होतेस?”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “चौकटीच्या कागदावर आधी मोजून घ्यायचे. चोचीपाशी एक मणी चुकला, की सगळी ओळ उसवावी लागे. तीनदा उसवली होती मी.” बोलता बोलता तिचा अंगठा आणि तर्जनी हवेत जुळली, आणि नसलेल्या सुईत ती एकेक मणी घेऊ लागली.

मी मुकाट्याने मोजीत बसलो.