१८९०चे लाकूड

रेडिओकार्बनच्या प्रयोगशाळेत एक आकडा मी रोज वापरत असे: ०.९५. ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण-नमुन्यात जेवढा कार्बन-१४ भरेल त्याला ०.९५ने गुणायचे आणि त्याला ‘आधुनिक’ म्हणायचे. शिक्षण अणुकेंद्रीय भौतिकीचे. त्वरकातून येणारे अणू नेमके मोजले की माझे काम झाले, असे मी धरून चालले होते.

एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, ०.९५च का?”

शोधल्यावर कळले, हा आकडा १८९०च्या लाकडाशी जुळवलेला आहे. त्यानंतरची झाडे चालली नसती, कारण हवाच बदलत गेली होती. कार्बन-१४चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात तो शिल्लकच नसतो. तो कोळसा जाळत गेलो, आणि त्या धुराने हवेतल्या कार्बन-१४चे प्रमाण १९५०पर्यंत सुमारे दोन टक्क्यांनी घटले. झाडांच्या लाकडात ही घट पकडून १९५५ साली ‘सायन्स’मध्ये मांडली हान्स झ्यूस यांनी.

नाव वाचून मी थबकले. एम.एस्सी.च्या वहीत मी ते लिहिले होते! २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या ‘जादुई संख्यां’चे कोडे सोडवणारा १९४९चा शोधनिबंध: हाक्सेल, येन्सन आणि झ्यूस. तेच हे. व्हिएन्नात जन्मलेले, भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांचे नातू. माझ्या डोक्यात ही दोन माणसे होती, दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या इतिहासाला मी दुसऱ्यांचा विषय समजत होते, त्यानेच मी रोज गुणाकार करत होते.

तेव्हापासून अणू मोजणे आणि त्यांचा इतिहास वाचणे ही दोन्ही कामे मी एकत्र करते. सागाच्या वर्षकड्या पात्याने सोलताना हातांना दोन्ही कळतात: धुराने उतरत गेलेली रेषा, आणि अणुचाचण्यांनी साठच्या दशकात तिला दिलेली उसळी. उत्तर गोलार्धाच्या हवेत १९६३च्या सुमारास कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता. मग समुद्राने आणि झाडांनी तो शोषला, आणि पुन्हा धूर मिसळत राहिला.

परवा त्याच विद्यार्थिनीने आवारातल्या कडुनिंबाचे कोवळे पान मोजले. प्रमाणरेषेच्या किंचित खाली आले. तिने नमुना पुन्हा तयार केला, पुन्हा मोजला. आकडा तोच. रेडिओकार्बनच्या हिशोबाने यंदाच्या चैत्रातली पालवी जुनी ठरत होती.