एमा विलार्ड : काही टिपणे

• जन्म १७८७चा, कनेक्टिकटमधल्या बर्लिन गावचा. सतरा भावंडांत सोळावी. विसाव्या वर्षी व्हरमाँटमधल्या मिडलबरी गावात मुलींच्या शाळेची सूत्रं हाती आली. पुढे डॉ. जॉन विलार्ड यांच्याशी लग्न झालं. नवऱ्याचा पुतण्या त्यांच्याकडे राहून कॉलेजात जाई. कॉलेज जवळच, पण बायकांना मज्जाव. बाईंनी पुतण्याची भूमितीची पुस्तकं घरीच वाचून काढली.

• १८१९. न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे योजना मांडली : मुलग्यांच्या कॉलेजांना सरकार पैसे देतं, मग मुलींच्या शाळेलाही द्यावेत. युक्तिवाद धोरणी होता. बायकांचा हक्क वगैरे भाषा नाही. शिकलेली आई प्रजासत्ताकाला चांगले नागरिक देईल, एवढंच. सरकारनं हात आखडता घेतला. ट्रॉय शहरानं मात्र कर बसवून चार हजार डॉलर उभे केले आणि १८२१मध्ये ट्रॉय फीमेल सेमिनरी सुरू झाली.

• घनभूमिती शिकवायची, पण साधनं कुठून आणायची? बाईंनी सलगम आणि बटाटे कापून शंकू आणि पिरॅमिड केले. जे डोळ्यांना दिसतं ते डोक्यात राहतं, यावर त्यांचा भरवसा.

• १८४६चा ‘टेंपल ऑफ टाइम’ त्याच भरवशातून आला. कागदावर एक लांबलचक मंदिर. एकेक शतक म्हणजे एकेक खांब. जुनी शतकं दूर, म्हणून लहान. आपल्या काळाचे खांब जवळ, म्हणून मोठे. जमिनीवर राष्ट्रांचे प्रवाह, छतावर थोरामोठ्यांची नावं. सनावळ्या घोकण्यापेक्षा त्यांची जागा लक्षात ठेवा, असा मामला.

• एलिझाबेथ केडी स्टँटन ट्रॉयच्या याच शाळेत शिकलेल्या. १८४८मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क परिषदेत त्यांनी बायकांसाठी मताधिकार मागितला. विलार्डबाई त्या चळवळीपासून लांबच राहिल्या.

• विलार्डबाईंच्या १८२८च्या अमेरिकेच्या इतिहासाच्या पुस्तकासोबत नकाशांचा संच होता. प्रत्येक नकाशा एकेका काळाचा, त्यावर सन छापलेला. मूळ रहिवासी जमातींच्या भटकंतीचा नकाशा सर्वांत आधी येतो, ‘प्रास्ताविक’ म्हणून, आणि त्यावर सन नाही. सन सुरू होतात ते युरोपीय आल्यावर. इतिहास जागेवरून ओळखायला शिकवणाऱ्या बाईंनी या लोकांना जागा दिली ती इतिहासाच्या उंबऱ्याबाहेर. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि शाळाशाळांतली पोरं तोच क्रम शिकत राहिली.